अर्धी घरं, लाल आभाळ

लातूरच्या गंजगोलाईत पन्नाशीपुढच्या कोणत्याही माणसाला विचारून बघा. लहानपणी टीव्हीवर काऊबॉयचं काहीतरी लागलं होतं, टोपीवाले, पिस्तुलं, नाव आठवत नाही, काय असेल? समोरचा क्षणभरही थांबत नाही. ‘मॅकेनाज गोल्ड.’ नांदेडला वजिराबादेत विचारा, तेच उत्तर येतं. बिननावाच्या प्रत्येक घोडेस्वाराला आपल्याकडं हेच एक नाव चिकटवून टाकतात.

त्यात लोकांची चूक नाही. १९६९ सालच्या या सिनेमाला खुद्द अमेरिकेत फारसं कुणी विचारलं नाही. भारतात मात्र तो वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लागत राहिला आणि मोठ्या शहरांतून फिरत फिरत तालुक्याच्या टॉकीजपर्यंत उतरला. पुढं व्हिडिओ भाड्यानं आणून गल्लीत रात्रभर तीन-तीन पिक्चर बघायचे दिवस आले, तेव्हा त्या तिनांतला एक बहुतेक हाच असायचा. ग्रेगरी पेकचा मार्शल, ओमर शरीफचा डाकू, सोन्यानं भरलेली दरी आणि शेवटी हादरे बसून कोसळणारे कडे. लातूरचा एक जुना केबलवाला मला म्हणाला की ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर तो शेवट त्याला स्वतःला बघवत नाही. किल्लारीच्या बाजूची बरीच गिऱ्हाइकं होती त्याची. त्यावर तो पुढं काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

पण मी जे शोधत होतो ते मॅकेनाज गोल्ड नव्हतं, एवढं पक्कं होतं. मॅकेनाज गोल्ड मी नंतर शुद्धीत, पैसे मोजून बघितला आहे. माझा टोपीवाला त्याच्या आधीचा. आणि त्याच्यावर हक्क सांगणारा मी एकटा नव्हतो. लातूरच्या माझ्या आतेभावानं, आमच्या दादानं, तोच कार्यक्रम लातुरात बघितला होता, असं त्याचं म्हणणं. घरातल्या प्रत्येक लग्नात, पंगती उठल्यावर, सतरंजीवर आडवं होऊन हा वाद व्हायचा. बायकांना त्याचा कंटाळा आला होता, आणि पोरांना तर तो पाठच झाला होता.

वाद असा. टोपी, पिस्तूल आणि अजिबात न कळणारी भाषा, एवढं दोघांच्यातही होतं. माझ्याकडं वाळू होती, घोडा होता आणि घोड्यामागं एक किल्ला. किल्ला म्हणजे अगदी झरोक्या-गवाक्षांचा, राजपुतांचा असतो तसला. शिवाय माझ्या आठवणीत शेजारच्या काकू होत्या, पडद्यावरचा माणूस काहीतरी बोलला की खळखळून हसणाऱ्या. दादाकडं किल्ला नव्हता. त्याच्या गावातल्या घरांना फक्त समोरची भिंत होती. मागं काहीच नाही, नुसतं रिकामं. आभाळ लालभडक. काळ्या कोटातले चार जण, आणि त्यांच्यासमोर कबड्डीच्या संघासारखे रंगीत सदरे घातलेले दुसरे, त्यांच्यातल्या एकाचे कान लांब. गोळ्या त्यांच्या अंगातून आरपार जायच्या आणि मागचं कुंपण फुटायचं. ‘मी काय खोटं सांगायलो का?’ असं तो दरवेळी विचारायचा. सगळे मान हलवायचे, पण विश्वास कुणाचाच नसायचा.

मग आपण जे करतो तेच आम्ही वर्षानुवर्षं केलं. पटण्यासारखं तेवढं ठेवलं आणि वेडगळ वाटलं ते गाळून टाकलं. काऊबॉय म्हणजे अमेरिकन, न कळणारी भाषा म्हणजे इंग्रजी, दर आठवड्याला लागायचं म्हणजे मालिका. किल्ला, काकूंचं हसू, अर्धी घरं, लाल आभाळ, लांब कान हे सगळं पोरवयातलं मिश्रण. या हिशेबानं मी अमेरिकन टीव्हीच्या याद्या चाळल्या. तिकडं या मालिकांचं पीक अफाट. ‘गनस्मोक’ १९५५ ते १९७५, वीस वर्षं, ६३५ भाग. ‘बोनान्झा’ १९५९ पासून चौदा हंगाम. ‘रॉहाइड’मधून तर क्लिंट ईस्टवूड वर आला. एकातही झरोका दिसेना, आणि लाल आभाळही.

आता थोडं टीव्हीबद्दल सांगायला हवं, कारण सगळी गुंतागुंत तिथं आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण लातूर-नांदेडला त्याचा काय उपयोग? तो प्रकाश आमच्यापर्यंत पोचतच नव्हता. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन देशातल्या सहा राज्यांत २४०० खेड्यांना टीव्ही दाखवण्याचा प्रयोग झाला. त्यात आंध्र होतं, कर्नाटक होतं, महाराष्ट्र नव्हता. म्हणजे लातूरच्या खालच्या अंगाला गुलबर्ग्याकडच्या खेड्यांतली पोरं झाडाखाली बसून टीव्ही बघत होती तेव्हा आमच्या शहरांतल्या डॉक्टरांच्या घरीही तो नव्हता. १९७७ साली हैदराबादला दूरदर्शन केंद्र झालं, गुलबर्ग्यालाही त्याच साली. मग १९८२ च्या ऑगस्टात दूरदर्शन रंगीत झालं, त्याच ऑगस्टात लातूर उस्मानाबादेतून फुटून जिल्हा झाला, आणि नोव्हेंबरातल्या आशियाडसाठी सरकारनं रंगीत संच बाहेरून आणायला सवलत दिली. १९८४ च्या उत्तरार्धात तर देशात जवळजवळ रोज एक या वेगानं छोट्या शक्तीचे टॉवर उभे राहत होते. या टॉवरांवरून यायची ती दिल्ली. हिंदी बातम्या, ‘हम लोग’, आणि रविवारी सकाळी काही इंग्रजी. मुंबईचं मराठी दूरदर्शन नाहीच.

म्हणजे मराठी माणसाला मराठी सोडून बाकी सगळं दिसत होतं. असो.

या गोष्टी मला नीट समजल्या त्या नांदेडात, इतवाऱ्याच्या बाजूला अजून तग धरून असलेल्या एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात. दुकानाचे मालक आता सत्तरीच्या घरात आहेत. हल्ली कामं येतात ती एलईडीच्या पॅनेलची, ती मुलगा बघतो. मागच्या फळीवर मात्र त्यांनी एक लाकडी पेटीचा ईसी टीव्ही ठेवला आहे, सरकत्या झडपांचा, झडपांना कुलूप. पोरांनी परीक्षेच्या दिवसांत उघडू नये म्हणून बाप किल्ली कमरेला लावून जायचे ते हे कुलूप. ईसी म्हणजे ईसीआयएल, अणुऊर्जा खात्याची हैदराबादची कंपनी. त्यांनी चॅनेलचं बटण फिरवून दाखवलं. खट्, खट्, खट्, बारा घरं. प्रत्येक घराला तांब्याचे दात आणि त्या दातांवर चढलेली काजळी. ती खोडरबरानं घासायची, मग चित्र येतं, असं ते सांगत होते आणि बोलता बोलता खिशातून खोडरबर काढून घासायलाही लागले. संच बंद आहे, नळी कधीचीच गेलेली आहे. तरी दात स्वच्छ झाले तेव्हा त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

‘तुम्ही हैदराबाद बघायचात की नाही?’ त्यांनी सहज विचारलं, आणि माझ्या शोधाची दिशा बदलली ती तिथं.

झालं असं की आमचा टॉवर नव्हता त्या दिवसांत, आणि झाल्यावरही, नांदेडात ज्याची ऐपत होती तो घरावर उंच लोखंडी पाइप उभा करायचा, त्यावर लांब दांड्यांची अँटेना, खाली बूस्टर, आणि अँटेनेचं तोंड आग्नेयेकडं. हैदराबाद पकडायला. एरवी पडद्यावर मुंग्याच असायच्या. पण थंडीच्या दिवसांत जमीन लवकर निवते, खालची हवा गार आणि वरची ऊबदार असा उलटा थर बसतो. टीव्हीच्या लहरी अशा वेळी सरळ आभाळात निघून न जाता त्या दोन थरांमध्ये अडकून जमिनीसोबत वाकत शेकडो किलोमीटर जातात. दुकानदारांना हे पुस्तकातून माहीत नव्हतं. ‘हवा बसली की हैदराबाद यायचं,’ एवढंच त्यांचं शास्त्र, आणि ते बरोबर होतं. पोरगं गच्चीवर, बाप खिडकीत, आई टीव्हीपुढं. ‘आलं का?’ ‘गेलं!’ ‘आता?’ ‘राहू दे, राहू दे, हात काढू नको!’ १९५६ ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून तीस वर्षं होत आली होती. नांदेडच्या अँटेना मात्र अजून जुन्या राजधानीकडंच तोंड करून होत्या.

आता शेजारच्या काकू. काकूंचं माहेर बोधनचं. बोधन म्हणजे निजामाबाद जिल्हा, जुन्या निजाम साखर कारखान्याचं गाव, बिलोलीहून सीमा ओलांडली की आलंच. लग्न होऊन त्या नांदेडला आल्या, मराठी आमच्यासारखीच बोलायच्या, भाजीवाल्याशी दखनी आणि आईशी पत्रात तेलुगू. पडद्यावरचा टोपीवाला काय बोलतोय ते आमच्यापैकी कुणालाच कळत नव्हतं आणि काकू एकट्याच हसत होत्या. इतकी वर्षं मी हे दृश्य मनात धरून होतो आणि त्यातून निघणारा उघड अर्थ कधी काढला नव्हता. काकूंना इंग्रजी येत नव्हतं. तो माणूस तेलुगू बोलत होता.

तेलुगू काऊबॉय ही कल्पना मराठी वाचकाला विचित्र वाटेल, धर्माबाद-देगलूरकडच्यांना वाटणार नाही. २७ ऑगस्ट १९७१ ला ‘मोसगाळ्ळकु मोसगाडु’ प्रदर्शित झाला. महेशबाबूचे वडील कृष्णा त्यात नायक, विजयनिर्मला नायिका, के. एस. आर. दास दिग्दर्शक, पटकथा कवी आरुद्र यांची. भारतातला पहिला काऊबॉय सिनेमा म्हणून त्याचं नाव घेतलं जातं, ‘शोले’च्या चार वर्षं आधीचा. गोष्ट एका संस्थानाच्या दडवलेल्या खजिन्याची. मूळ स्फूर्ती सर्जियो लिओनीच्या इटालियन सिनेमांची, थोडी मॅकेनाज गोल्डचीही, त्यामुळं गंजगोलाईतल्या लोकांचा तर्क अगदीच वाऱ्यावरचा होता असं म्हणता येत नाही. आणि ॲरिझोनाचं वाळवंट कुठून आणायचं, तर त्यांनी राजस्थान गाठलं. तिथलं वाळवंट घेतलं आणि बिकानेरचा किल्ला घेतला.

कृष्णांचं निधन नोव्हेंबर २०२२ मध्ये झालं. त्यानंतरच्या ३१ मेला, त्यांच्या वाढदिवशी, हा सिनेमा नव्यानं स्वच्छ करून पुन्हा थेटरांत आणला. मी तो घरी बघितला, तेलुगू कळणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना सोबत घेऊन. रंगीत होता, याचंच पहिलं आश्चर्य. माझ्या आठवणीत तो काळा-पांढरा, कारण आमचा संच तसा, वरून निळ्या-नारिंगी-हिरव्या पट्ट्यांचा प्लास्टिकचा कागद लावून रंगीत केलेला. नागभूषणम या नटाचा बेरकी इसम आला की शिक्षक हसायचे, आणि मला दोन सेकंद उशिरानं, त्यांनी समजावल्यावर, हसू यायचं. किल्लाही दिसला. वाळूत टोपी घातलेला माणूस आणि त्याच्या मागं राजपुती झरोके.

दुसरे उमेदवार मी तपासले नाहीत असं नाही. फिरोज खानचे ‘खोटे सिक्के’ आणि ‘काला सोना’, १९७४ आणि १९७५ चे, हे बाद, कारण हिंदी कळत नव्हतं असं नांदेडचं पोर सापडायचं नाही. चिरंजीवीचा ‘कोदमा सिंहम’ हाही तेलुगू आणि तोही काऊबॉय, पण तो १९९० चा. काकूंचं बिऱ्हाड त्याआधीच निजामाबादला गेलं होतं. आता यात कुणी म्हणेल की राजस्थानातला काऊबॉय हा नकली. मग खरा कुठला? लिओनीनं १९६४ मध्ये पहिला डॉलरचा सिनेमा केला तो जपानी कुरोसावाच्या ‘योजिम्बो’वरून, शूटिंग केलं स्पेनमध्ये आणि पैसे युरोपातून आणले. इटालियन माणसानं स्पेनच्या माळावर जपानी गोष्ट काऊबॉयची म्हणून दाखवली तर चालतं, मग तेनालीजवळच्या बुर्रिपालेमच्या कृष्णांनी बिकानेरात घोडा पळवला तर काय बिघडलं? उलट वाळू तरी आपली होती.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, ‘तुझं मिटलं. माझं आभाळ लाल होतं, त्याचं काय?’

दादाच्या बाबतीत पहिला प्रश्न रंगाचा. लाल आभाळ दिसायला रंगीत टीव्ही हवा. प्लास्टिकच्या कागदात वरचा पट्टा निळा, म्हणजे त्यावर आभाळ निळंच दिसणार. दादाच्या घरी काळा-पांढराच होता, म्हणून तर घरच्यांनी लाल आभाळ कधी मानलं नाही. खोदून विचारल्यावर निघालं की रविवारी सकाळी क्लासला जातो सांगून तो औसा रोडच्या एका डॉक्टरांच्या बंगल्यावर जायचा. तिथं रंगीत संच होता. क्लास बुडवल्याचं त्यानं चाळीस वर्षं लपवलं, त्यामुळं रंगीत टीव्हीही लपून राहिला.

रविवार सकाळ म्हटल्यावर माझ्या डोक्यात काही येत नव्हतं. कोडं सुटलं ते दादाच्या मुलाकडून. तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे, दिवाळीला आला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं बापाचं पुराण कानातलं यंत्र काढून ऐकलं. लांब कान, रंगीत सदरे. त्यानं मोबाइलवर एक चेहरा काढून पुढं धरला. मिस्टर स्पॉक.

‘स्टार ट्रेक’! दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी लागणारी अमेरिकन अंतराळ मालिका. कबड्डीचे सदरे म्हणजे एंटरप्राइझ यानावरचा गणवेश, सोनेरी, निळा, लाल. पण अंतराळातल्या लोकांत टोपीवाले कुठून आले? तर मूळ अमेरिकेत २५ ऑक्टोबर १९६८ ला दाखवलेला एक भाग आहे, ‘स्पेक्टर ऑफ द गन’. त्यात कॅप्टन कर्क आणि त्याचे साथीदार नको म्हटलेल्या ग्रहावर जातात. तिथले रहिवासी त्यांना शिक्षा म्हणून ॲरिझोनातल्या टूम्बस्टोन गावात आणून सोडतात, तारीख २६ ऑक्टोबर १८८१, काऊबॉयांच्या इतिहासातल्या सगळ्यात गाजलेल्या गोळीबाराचा दिवस. आणि ज्या टोळीची माणसं त्या दिवशी मारली गेली, त्या टोळीच्या जागी यांना उभं करतात.

आम्ही तिघांनी मिळून तो भाग लावला. पहिल्या दहा मिनिटांत दादा उठून उभा राहिला. आभाळ लाल. दारूच्या गुत्त्याची समोरची भिंत आहे, बाजूच्या नाहीत. घड्याळ टांगलं आहे ते हवेत, मागं भिंतच नाही. यामागचं कारण पैशाचं. खऱ्या उघड्या जागेवर चित्रीकरण करायचं ठरलं होतं, ते परवडेना, म्हणून स्टुडिओतच नुसत्या दर्शनी भिंती उभ्या केल्या. मग कथेत त्याची सोय लावली. परग्रहावरच्यांनी हे गाव कर्कच्या डोक्यातल्या तुटपुंज्या माहितीवरून बनवलं आहे, म्हणून ते अर्धवट आहे, असं पात्रांच्या तोंडी घातलं. अर्ध्या आठवणीतलं काऊबॉय गाव शोधत आम्ही जिथं पोचलो ते गावच कुणाच्या तरी अर्ध्या आठवणीतून उभं केलेलं निघालं. दादाला यात काही विशेष वाटलं नाही. ‘घरं अर्धी होती म्हणलो होतो की नाही?’ एवढंच.

काळ्या कोटातले चौघेही आले, त्या गोळीबारातल्या दुसऱ्या बाजूचे अर्प बंधू आणि डॉक हॉलिडे. शेवटी गोळ्या आरपार गेल्या आणि मागच्या कुंपणाच्या फळ्या फुटल्या. स्पॉक सगळ्यांच्या मनात शिरून पटवून देतो की या गोळ्या खऱ्या नाहीत, आणि त्यामुळं त्या लागत नाहीत. दादानं जे जे सांगितलं होतं आणि आम्ही जे जे हसण्यावारी नेलं होतं ते एकूण एक पडद्यावर होतं. नव्हती ती फक्त आम्ही त्याच्या तोंडी घातलेली ‘काऊबॉयची मालिका’.

मालिकेच्या मुळाशी तसा काऊबॉय आहेच. जीन रॉडनबरीनं ‘स्टार ट्रेक’ची कल्पना विकली ती ‘वॅगन ट्रेन’ या गाजलेल्या काऊबॉय मालिकेचं नाव घेऊन, तीच गोष्ट ताऱ्यांमध्ये, असं सांगत. या भागाचा दिग्दर्शक व्हिन्सेंट मॅकएव्हिटी ‘गनस्मोक’मध्ये मुरलेला. डॉक्टर मॅकॉयचं काम करणारा डिफॉरेस्ट केली १९५७ च्या टूम्बस्टोनवरच्या सिनेमात मॉर्गन अर्प झाला होता, म्हणजे इथं ज्याच्या पिस्तुलापुढं उभा आहे, तोच.

भाग संपल्यावर दादानं खऱ्या टूम्बस्टोनची चौकशी सुरू केली. मी माहीत होतं ते सांगितलं. खरा गोळीबार अर्ध्या मिनिटात आटोपला. तिघं मेले, बिली क्लँटन आणि मॅक्लॉरी भाऊ. भांडण लावणारा आइक क्लँटन हाती शस्त्र नाही म्हणत पळून गेला. वायट अर्प १९२९ पर्यंत जगला, म्हातारपणी लॉस एंजेलिसला सिनेमावाल्यांत ऊठबस करत.

‘आणि तो पळालेला?’

तो आणखी सहा वर्षं जगला, मग जनावरांच्या चोरीच्या प्रकरणात मारला गेला, असं मी म्हणालो.

दादानं मान डोलावली. मग मुलाला म्हणाला, ‘आता अजून एक बघ रे. त्या डॉक्टरांकडंच बघितलं होतं. एक पोरगं असतंय, मनगटावरच्या घड्याळात बोलतंय आणि लोखंडाचा भला मोठा माणूस उडत येतोय.’ हे कोडं मला तिथंच सुटलं होतं, जपानी ‘जायंट रोबो’, आमच्या वर्गात सगळ्यांना माहीत होता. मी बोललो नाही. पोराला शोधू दिलं.